कॉलनी येतात, पण इन्सर्ट नसतो: क्लोनिंग अडलं की काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

क्लोनिंग म्हणजे हवं ते जनुक (इन्सर्ट) प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत (व्हेक्टर) लायगेज एन्झाइमने जोडायचं, म्हणजे लायगेशन, आणि ते जीवाणूच्या पेशींत घालून, प्लाझ्मिड आलेल्याच पेशी जगतील अशा अँटिबायोटिकच्या प्लेटवर वाढवायचं. खालीलपैकी कोणतं दृश्य तुमच्या प्लेटवर किंवा जेलवर आहे ते आधी ठरवा.

प्लेट कोरी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही कोरी.

प्लेट कॉलनींनी भरलेली. आनंदाने मिनिप्रेप काढले (कॉलनीतून प्लाझ्मिड वेगळं केलं), कापून जेल चालवलं (तुकडे आकारानुसार वेगळे केले), तर सगळीकडे फक्त रिकामा व्हेक्टर.

कॉलनी पीसीआरमध्ये (कॉलनीतल्या जनुकाच्या प्रती काढून तपासताना) बँड छान दिसतो, पण त्याच कॉलनीचं प्लाझ्मिड कापलं की इन्सर्ट गायब.

इन्सर्ट आहे, आकारही बरोबर आहे, पण सिक्वेन्सिंगमध्ये जनुक उलटं बसलेलं निघतं किंवा वाचनाची चौकट (तीन-तीन बेसची मांडणी) एका बेसने, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराने, घसरलेली असते. हा प्रकार बहुतेक वेळा फार उशिरा कळतो, प्रोटीनचा पत्ता लागत नाही तेव्हा.

आणि अँपिसिलिनच्या प्लेटवर एक मोठी कॉलनी, तिच्याभोवती रव्यासारख्या बारीक बारीक कॉलनी.

पाचही प्रकारांत मुलं एकच गोष्ट करतात: लायगेशन पुन्हा लावतात. मग पुन्हा. प्रमाण बदलून, रात्रभर ठेवून, नवीन लायगेज मागवून. माझ्याकडे आलेल्या अशा अडलेल्या प्रोजेक्टांपैकी बहुतेकांत लायगेशनचा काही दोष नव्हता. प्रायमरची, म्हणजे पीसीआरसाठी जनुकाच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, ऑर्डर गेली त्याच दिवशी प्रोजेक्ट फसला होता. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा वाटेल. कंट्रोल प्लेटवर एक नजर, मग कागद आणि स्क्रीन, मग अँटिबायोटिकची प्लेट, मग पेशी, मग एन्झाइम, आणि लायगेशन जवळजवळ शेवटी. कागदाला पैसे पडत नाहीत.

उदाहरण म्हणून आपल्याकडे नेहमी येणारा प्रोजेक्ट घेते. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांमुळे रंगाई आहे, रंगाईमुळे रंगीत सांडपाणी आहे, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूची माती किंवा नाल्याचं पाणी आणून रंग उडवणारा जीवाणू शोधणं हा एमएस्सीचा ठरलेला विषय आहे. जीवाणू सापडतो, बहुधा बॅसिलस निघतो. मग पुढची पायरी सुचते: ॲझो रंगातला दोन नायट्रोजनमधला बंध तोडणाऱ्या ॲझोरिडक्टेज एन्झाइमचं जनुक उचलायचं आणि पेट-२८ए या प्लाझ्मिडमध्ये, एनडीई-१ आणि एक्सएचओ-१ हे एन्झाइम कापतात त्या दोन जागांमध्ये बसवायचं. जनुक सुमारे ६०० बेसचं, प्लाझ्मिड ५३६९ बेसचं. कागदावर सोपं दिसतं.

आधी कंट्रोल प्लेट बघा

ही तपासणी फुकट आहे, कारण प्लेट आधीच इन्क्युबेटरमध्ये असायला हव्यात. नसतील तर पुढचं काहीही तपासण्याआधी त्या लावा. त्यांच्याशिवाय उरलेला सगळा अंदाजाचा खेळ.

नुसत्या पेशी, प्लाझ्मिड नाही: इथे काहीच उगवता कामा नये. उगवलं तर अँटिबायोटिक मेलेलं आहे किंवा घालायचं राहिलं आहे.

पेशी आणि न कापलेलं प्लाझ्मिड: इथे भरपूर यायला हवं. काहीच नाही आलं तर पेशी मेलेल्या आहेत किंवा प्लेट चुकीच्या अँटिबायोटिकची आहे. तुमच्या जनुकाचा, प्रायमरचा, लायगेशनचा इथे संबंधच नाही.

कापलेला व्हेक्टर, लायगेज नाही: मोजक्या कॉलनी. भरपूर आल्या तर व्हेक्टर नीट कापलाच गेलेला नाही. न कापलेलं गोल प्लाझ्मिड पेशीत इतक्या सहज शिरतं की त्याचा अगदी किंचित अंशही अख्खी प्लेट भरून टाकतो.

कापलेला व्हेक्टर आणि लायगेज, पण इन्सर्ट नाही: ही प्लेट सगळ्यांत जास्त बोलते. दोन वेगळ्या एन्झाइमने कापलेली टोकं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून इथेही थोड्याच कॉलनी हव्यात. आधीच्या प्लेटपेक्षा खूप जास्त आल्या तर दोनपैकी एकाच एन्झाइमने काम केलं आहे आणि व्हेक्टर स्वतःशीच मिटतो आहे. ‘प्लेट भरलेली, इन्सर्ट कुठेच नाही’ याचं उत्तर मला बहुतेक वेळा याच प्लेटवर मिळालं आहे.

प्लाझ्मिडचा नकाशा

आता खरं काम. स्नॅपजीन व्ह्यूअर फुकट आहे, एप फुकट आहे, बेंचलिंग शैक्षणिक वापराला फुकट आहे. डीएनएचा नकाशा दाखवणारं यांतलं कोणतंही सॉफ्टवेअर उघडा, पण उघडा. भिंतीवर चिकटवलेल्या, झेरॉक्सवरून झेरॉक्स झालेल्या नकाशावरून प्रायमर काढू नका.

पहिला प्रश्न: ट्यूबवर नक्की काय लिहिलंय? नुसतं ‘पेट-२८’ असेल तर थांबा. ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत आणि बॅम एच-१ च्या जागेपाशी त्यांच्यात एकेका बेसचा फरक आहे. एनडीई-१ ते एक्सएचओ-१ असा पूर्ण तुकडा बदलणार असाल तर हा फरक कापून बाहेरच जातो. पण बॅम एच-१, ईको आर-१ किंवा हिंड-३ पासून जनुक सुरू करणार असाल तर अक्षर चुकलं की पुढची चौकट गेली. जुन्या सीनियरने ठेवलेली ट्यूब असेल तर मिनिप्रेप काढून तो भाग एकदा सिक्वेन्स करून घ्या. पुढच्या सगळ्या बॅचला उपयोग होईल.

दुसरं, दिशा. पेट-२८ए च्या गोल नकाशात आकडे जुन्या पीबीआर३२२ या प्लाझ्मिडच्या पद्धतीने टाकलेले आहेत, त्यामुळे टी७ प्रमोटरचा, म्हणजे जनुक वाचायला सुरुवात करून देणारा, भाग उलट्या दिशेने दिसतो. एक्सएचओ-१ ची जागा १५८ वर आणि एनडीई-१ ची २३८ वर. आकड्यांच्या क्रमाने बघितलं तर जनुकाचं शेपूट आधी आणि डोकं नंतर येतं. इथेच मुलं पुढच्या प्रायमरला एक्सएचओ-१ आणि मागच्याला एनडीई-१ जोडून मोकळी होतात. जनुक मग अगदी व्यवस्थित बसतं, उलटं. लायगेशन यशस्वी, कॉलनी पॉझिटिव्ह, आकार बरोबर, प्रोटीन शून्य. सॉफ्टवेअरमध्ये अख्खा सिक्वेन्स रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करून (प्रत्येक बेसचा जोडीदार घेऊन उलट क्रमाने लिहून) टी७ प्रमोटर डावीकडे आणून ठेवा आणि मगच काम सुरू करा.

तिसरं, फाइल गोल म्हणून सेव्ह झाली आहे की सरळ? सरळ असेल तर सुरुवात-शेवट जिथे जुळतात तिथली जागा सॉफ्टवेअरला दिसत नाही, आणि एकदाच कापणारा म्हणून निवडलेला एन्झाइम प्रत्यक्षात दोनदा कापू शकतो.

चौथं, दोन जागांमधलं अंतर. पेट-२८ए मध्ये बॅम एच-१ आणि ईको आर-१ एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये एकही बेस नाही. एकाने कापलं की दुसऱ्याची जागा एकदम टोकाला येते आणि बहुतेक एन्झाइमना टोकावर बसायला आजूबाजूला काही बेस लागतात. ही जोडी या प्लाझ्मिडमध्ये निवडली असेल तर तुमच्या भरलेल्या प्लेटचं कारण सापडलं. एनडीई-१ आणि एक्सएचओ-१ मध्ये ८० बेसचं अंतर आहे, तिथे ही अडचण नाही.

पाचवं, जनुकाच्या पोटात त्याच एन्झाइमची जागा आहे का? हे सगळे बघतात, पण डेटाबेसमधल्या सिक्वेन्सवर बघतात. तुमचा जीवाणू नाल्यातला आहे. ओळख पटवायच्या १६एस जनुकावरून तो बॅसिलस आहे इतकंच कळलेलं असतं. त्याचं जनुक डेटाबेसमधल्या जनुकाशी अक्षरशः जुळेल याची काही हमी नाही. कोडॉनचा, म्हणजे एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन बेसच्या गटाचा, तिसरा बेस बदलला तरी बऱ्याचदा प्रोटीन तेच राहतं, पण तेवढ्याने एखादी कापण्याची जागा तयार होते किंवा नाहीशी होते. त्यामुळे कापण्याच्या जागेचं जादा शेपूट नसलेल्या साध्या प्रायमरने जनुक वाढवून तो पीसीआरचा तुकडा आधी सिक्वेन्स करा. खर्च एका प्रायमरच्या जोडीचा आणि एका सिक्वेन्सिंगचा. त्यानंतरचे प्रायमर तुमच्या स्वतःच्या जनुकावर बेतलेले असतील.

पोटात एक्सएचओ-१ ची जागा निघालीच तर प्रोजेक्ट बदलायची गरज नाही. मागच्या प्रायमरला एक्सएचओ-१ ऐवजी एसएएल-१ ची जागा द्या. दोघांची चिकट टोकं (कापल्यावर बाहेर राहणारे एकेरी बेस) सारखीच, टी-सी-जी-ए, म्हणून एसएएल-१ ने कापलेलं जनुक एक्सएचओ-१ ने कापलेल्या व्हेक्टरला जुळतं आणि पुढची चौकटही तशीच राहते. फक्त जुळलेला सांधा नंतर दोन्ही एन्झाइमना कापता येत नाही. हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर पडताळणीच्या वेळी ‘एक्सएचओ-१ कापतच नाही’ म्हणून रडायला याल.

शेवटी, आणि हे केल्याशिवाय प्रायमरची ऑर्डर देऊच नका: सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झालेला क्लोन बनवा. व्हेक्टर कापा, जनुक बसवा, नवीन नकाशा सेव्ह करा. मग टी७ प्रमोटरच्या पुढच्या पहिल्या एटीजीपासून प्रोटीनमध्ये भाषांतर करा. एनडीई-१ वापरल्यावर तुमच्या जनुकाच्या आधी २० अमिनो आम्लं येतात, त्यांत सलग सहा हिस्टिडीन. तिथून स्टॉप कोडॉनपर्यंत (प्रोटीन संपवणाऱ्या खुणेपर्यंत) एकच सलग प्रोटीन दिसायला हवं. मध्येच स्टॉपची खूण म्हणून तारा उमटला किंवा शेवट अनोळखी अक्षरांत गेला, तर चौकट घसरलेली आहे. हा नकाशा प्रिंट करून गाईडची सही घ्या. सहीमुळे चूक टळत नाही, पण सही करण्यासाठी सरांना तो कागद बघावा लागतो.

प्रायमर

प्रायमरचे तीन भाग असतात: सुरुवातीचे जादा बेस, मग कापण्याची जागा, मग जनुकाला चिकटणारा भाग. तिन्ही वेगवेगळे तपासा.

जादा बेस सहा ठेवा. एनडीई-१ तर टोकाजवळ विशेष आळशी आहे. दोन-तीन बेस देऊन पैसे वाचवणारे पुढे एन्झाइमवर त्याच्या कितीतरी पट घालवतात. पीसीआरचा बँड झकास दिसतो, ‘कापलेला’ तुकडाही जेलवर तेवढाच दिसतो, कारण टोकाचे सात-आठ बेस गेले की राहिले हे १ टक्का अ‍ॅगरोजवर कोणालाच दिसत नाही. म्हणून हा दोष डोळ्यांसमोर असून लपून राहतो.

एनडीई-१ ची जागा सी-ए-टी-ए-टी-जी. शेवटचे तीन बेस हाच जनुकाचा सुरुवातीचा कोडॉन. त्यामुळे त्यानंतर थेट दुसऱ्या कोडॉनपासून लिहा. पुन्हा ए-टी-जी लिहिलं तर एक मेथिओनीन जास्त येईल, बिघडणार काही नाही. बॅसिलसमध्ये काही जनुकं जी-टी-जी किंवा टी-टी-जी ने सुरू होतात. तसं असेल तर घाबरू नका, एनडीई-१ मुळे तिथे आपोआप ए-टी-जी येतो आणि ई. कोलायला ते बरंच.

मागचा प्रायमर हा खरा गुन्हेगार. तो रिव्हर्स कॉम्प्लिमेंट असावा लागतो. कोणी नुसतं कॉम्प्लिमेंट लिहितं, कोणी नुसतं उलटं लिहितं. तपासायची सोपी युक्ती: ऑर्डरच्या फॉर्ममध्ये लिहिलेला प्रायमर, शेपूट काढून, उचलून पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि रिव्हर्स कॉम्प्लिमेंट करा. जनुकाचा शेवटचा भाग जसाच्या तसा दिसायला हवा. वहीतला नाही, फॉर्ममधला प्रायमर तपासा. कॉपी-पेस्टमध्ये एखादा बेस गळतो तो वहीतून फॉर्मवर जाताना.

स्टॉप कोडॉन ठेवायचा की नाही हे आधी ठरवा. एक्सएचओ-१ नंतर व्हेक्टरमध्ये लगेच सहा हिस्टिडीन आणि मग स्टॉप आहे. शेवटी हिस्टिडीनची शेपटी हवी असेल तर जनुकाचा स्वतःचा स्टॉप काढायला हवा, आणि शेवटचा कोडॉन पूर्ण करूनच एक्सएचओ-१ ची जागा सुरू व्हायला हवी. प्रायमर डावीकडून वाचताना सी-टी-सी-जी-ए-जी च्या लगेच पुढे टी-टी-ए, सी-टी-ए किंवा टी-सी-ए दिसलं तर स्टॉप आत राहिला आहे. मुद्दाम ठेवला असेल तर ठीकच. पुढच्या बाजूला हिस्टिडीन आहेतच, तेवढ्याने प्रोटीन निकेलच्या कॉलमवर पकडता येतं.

प्रायमर जनुकावरून सुटण्याचं तापमान काढताना फक्त जनुकाला चिकटणारा भाग धरा. पूर्ण प्रायमरचं काढलं तर आकडा फुगतो, अ‍ॅनिलिंग (चिकटवण्याचं तापमान) फार वर ठेवलं जातं आणि बँडच येत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत शेपूट कशालाच चिकटलेलं नसतं, हे त्याचं कारण. अंदाजासाठी जुना नियम चालतो: ए आणि टी ला २, जी आणि सी ला ४. वीस बेसमध्ये दहा जी-सी असतील तर ६० अंश. ऑर्डर देण्याआधी मात्र तुमच्या पॉलिमरेजच्या कंपनीचं कॅल्क्युलेटर वापरा, कारण बफरमधल्या क्षारांप्रमाणे आकडा बदलतो. दोन्ही प्रायमरमध्ये पाच अंशांहून जास्त फरक नको. उजव्या टोकाचे शेवटचे बेस जनुकाशी शंभर टक्के जुळायलाच हवेत. पॉलिमरेज तिथूनच पुढे जातं. मघाशी स्वतःचं जनुक आधी सिक्वेन्स करा म्हटलं ते याच्यासाठीही.

मिथिलेशनबद्दल एक. डीएच५-अल्फासारख्या नेहमीच्या ई. कोलायमध्ये जी-ए-टी-सी या अक्षरांवर मिथाइल गट बसतो. एक्सबीए-१ ची जागा टी-सी-टी-ए-जी-ए. तिच्या लगेच पुढे जनुकाचे पहिले दोन बेस टी-सी आले तर जी-ए-टी-सी तयार होतो आणि एक्सबीए-१ अडतो. गंमत अशी की पीसीआरच्या तुकड्यावर मिथाइल नसतं, त्यामुळे क्लोनिंगच्या वेळी तो नीट कापतो. नंतर मिनिप्रेपमध्ये कापत नाही आणि इन्सर्ट असूनही नसल्यासारखा दिसतो. क्ला-१ चीही हीच तऱ्हा. नकाशात मिथिलेशन दाखवण्याचा पर्याय चालू ठेवा.

ट्यूब आल्यावर: लेबलवर जितके नॅनोमोल लिहिलेत त्याच्या दहापट मायक्रोलिटर पाणी घातलं की १०० मायक्रोमोलरचा स्टॉक होतो. उघडण्याआधी ट्यूब सेंट्रिफ्यूज करा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. मे महिन्यात कुरिअरचा डबा तापलेला आला म्हणून प्रायमर परत पाठवू नका. कोरडे प्रायमर उन्हाने बिघडत नाहीत. एन्झाइमचा डबा तसा आला तर मात्र सही करण्याआधी फोटो काढा.

प्लेट आणि पेशी

पेट-२८ए ला कॅनामायसिन लागतं, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. पीयूसी१९ या प्लाझ्मिडला अँपिसिलिन, १००. कोरी प्लेट घेऊन आलेल्यांना मी आधी प्लेटचा तळ दाखवायला सांगते. तिथे ‘अँप’ लिहिलेलं असतं, सवयीने.

बारीक कॉलनींचा रवा अँपिसिलिनवरच दिसतो. मोठी कॉलनी अँपिसिलिन तोडणारं एन्झाइम बाहेर सोडते आणि तिच्या आसपास प्लाझ्मिड नसलेल्या पेशीही जगतात. त्या बारीक कॉलनी उचलू नका आणि प्लेट सोळा-अठरा तासांपेक्षा जास्त ठेवू नका. अ‍ॅगर फार गरम असताना अँपिसिलिन घातलं तर ते तिथेच मरतं. ५० अंशांच्या आसपास घाला.

पेशींसाठी: १०० पिकोग्रॅम पीयूसी१९ पेशींत घाला (ट्रान्सफॉर्म करा) आणि दहावा भाग पसरवा. प्लेटवर १० पिकोग्रॅमचा हिशेब आला. शंभर कॉलनी आल्या तर मायक्रोग्रॅममागे एक कोटी, साध्या लायगेशनला पुरेसं. दहा आल्या तर दहा लाख, काठावर. एकही नाही तर पेशी टाकून द्या, सीनियरने किती प्रेमाने बनवलेल्या असोत. लाइट जाऊन डीप फ्रीझर वर गेला असेल तर आतल्या सगळ्या पेशींवर हा प्रयोग करा. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या कॉम्पिटंट (डीएनए आत घेणाऱ्या) पेशी बाहेरून अगदी तशाच दिसतात.

कापलंय का, खरंच?

आता पैसे लागायला सुरुवात होते. एनडीई-१ आणि एक्सएचओ-१ ने कापल्यावर सुटणारा ८० बेसचा तुकडा जेलवर दिसत नाही. एकाने कापलेलं आणि दोघांनी कापलेलं प्लाझ्मिड दोन्ही ५.३ हजारांवरच दिसतात. म्हणून जेलवर चार रांगा हव्यात: न कापलेलं, फक्त एनडीई-१, फक्त एक्सएचओ-१ आणि दोन्ही. एकेकट्या रांगेत एकच सरळ बँड आला तर दोन्ही एन्झाइम जिवंत आहेत. न कापलेल्या रांगेत गुंडाळलेलं प्लाझ्मिड पुढे पळालेलं असतं, त्याला लहान तुकडा समजू नका.

एन्झाइमची मात्रा एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. त्याच्यासोबत ग्लिसरॉल येतं आणि ते ५ टक्क्यांवर गेलं की ईको आर-१ सारखे एन्झाइम भलत्याच जागा कापायला लागतात.

जेलमधून बँड कापताना यूव्ही खाली रेंगाळू नका. फोटो आधी, कापणं काही सेकंदांत, आणि लांब तरंगलांबीचा दिवा असेल तर तोच. छोट्या तरंगलांबीखाली दोन-तीन मिनिटं ठेवलेला डीएनए जेलवर सुंदर दिसतो आणि प्लेटवर काहीच देत नाही.

पीसीआरचा साचा म्हणून सीनियरचा जुना क्लोन वापरला असेल आणि त्याचं अँटिबायोटिक तेच असेल, तर पीसीआरनंतर डीपीएन-१ हे एन्झाइम लावा. तो फक्त मिथाइल असलेला जी-ए-टी-सी कापतो, म्हणजे जुनं प्लाझ्मिड जातं आणि तुमचा पीसीआरचा तुकडा राहतो. हे न केल्यास जुनाच क्लोन कॉलनी होऊन येतो आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणून फसवतो.

आता लायगेशन

५० नॅनोग्रॅम व्हेक्टर, तीनपट मोल इन्सर्ट. ५० ला ०.६ ने गुणा, ५.३ ने भागा, तीनने गुणा: साधारण १७ नॅनोग्रॅम. वजनाने तीनपट घालणारे १५० नॅनोग्रॅम घालतात.

बफरमधलं एटीपी, म्हणजे लायगेजचं इंधन, गोठवण्या-वितळवण्याने मरतं. नवीन बफर आला की लहान लहान ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

आणि ‘रूम टेंपरेचर’. प्रोटोकॉल लिहिणाऱ्याची रूम २०-२५ अंशांची असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेर चाळिशीपार असतं आणि एसी नसलेल्या लॅबचं टेबलही तापलेलं असतं. दोन-चार बेसची चिकट टोकं तेवढ्या उष्णतेत एकमेकांना धरून राहत नाहीत. पीसीआरच्या मशीनमध्ये १६ अंश लावून रात्रभर ठेवा. मशीन रिकामं नसेल तर थर्माकोलच्या डब्यात पाणी आणि थोडा बर्फ घ्या, थर्मामीटर लावा आणि मामांना सांगून ठेवा की डबा उपसायचा नाही.

कॉलनी पीसीआर आणि सिक्वेन्सिंग

कॉलनी पीसीआर दोन्ही जनुकाच्या प्रायमरने करू नका. लायगेशनमधलं सुटं इन्सर्ट प्लेटवर पसरलेलं असतं, तेच वाढतं आणि रिकामी कॉलनीही पॉझिटिव्ह दिसते. किमान एक प्रायमर व्हेक्टरचा हवा. टी७ प्रमोटर आणि टी७ टर्मिनेटर घेतले तर रिकाम्या पेट-२८ए चा बँड ३०० च्या आसपास आणि आपल्या क्लोनचा ८०० च्या थोडा वर येतो. एक व्हेक्टरचा आणि एक जनुकाचा घेतला तर दिशाही कळते.

सिक्वेन्सिंगला तीन वेगवेगळ्या कॉलनी पाठवा. सुरुवातीचे ३०-५० बेस नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे प्रायमर जोडणीपासून थोडा लांब हवा. टी७ प्रमोटरचा चालतो. चूक प्रायमरच्या भागात असेल तर ती प्रायमर बनवतानाची असू शकते, दुसरी कॉलनी घ्या. तिन्ही कॉलनींत एकाच जागी तोच बदल असेल तर साचाच तसा आहे. वेगवेगळ्या जागी असतील तर पॉलिमरेज बदला. साधं टॅक चुका दुरुस्त करत नाही.

इथे थांबा

कंट्रोल प्लेट बरोबर, नकाशा तपासलेला, दोन्ही एन्झाइम कापतात, आणि तरीही कॉलनी येत नाहीत किंवा प्रत्येक कॉलनीत जनुक तुटलेलं निघतं. मग जनुक ई. कोलायला विषारी असण्याची शक्यता धरा. बारीक, उशिरा येणाऱ्या कॉलनी हीही त्याचीच खूण. हे एमएस्सीच्या उरलेल्या वेळात सुटत नाही. क्लोनिंग रोज करणाऱ्या एखाद्या संशोधकाला नकाशा, जेलचे फोटो आणि कंट्रोल प्लेटचे आकडे पाठवा. ‘होत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर येणार नाही.

प्लाझ्मिड नक्की कोणतं हेच कळत नसेल तर अख्ख्या प्लाझ्मिडचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्या. जीनोमिक डीएनएवरून बँडच येत नसेल आणि जीवाणूचं जनुक हवंच असा हट्ट नसेल, तर ॲझोरिडक्टेज कंपनीकडून तयार करून, हव्या त्या व्हेक्टरमध्ये बसवून मिळतं. दोन-तीनदा प्रायमर मागवण्याचा आणि एन्झाइमचा खर्च एकत्र धरा आणि मग तुलना करा. गाईडला हे सांगताना संकोच वाटतो, पण प्रोजेक्टचा प्रश्न एन्झाइम रंग किती उडवतं हा आहे; जनुक कोणी बसवलं हा नाही.

उणे ८० चा फ्रीझर तापमान धरत नसेल, ऑटोक्लेव्हचा दाब चढत नसेल किंवा यूव्हीच्या काचेला तडा असेल तर स्वतः उघडू नका. इंजिनिअरला बोलवा आणि तोपर्यंत तो यूव्ही बंद ठेवा. डोळे आणि कातडी भाजते. ऑटोक्लेव्ह बंद असताना रीकॉम्बिनंट पेशींच्या प्लेट साठत असतील तर त्या सिंकमध्ये किंवा कचऱ्यात जाता कामा नयेत. पिशवीत बंद करून, तारीख टाकून ठेवा आणि दुसऱ्या विभागाचा ऑटोक्लेव्ह मागा.

आणि संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची नोंद झालेली नसेल तर पहिलं प्लाझ्मिड कापायच्या आधीच थांबा. १९८९ च्या नियमांनुसार या कामावर लक्ष ठेवणं त्या समितीचं काम आहे. डीएच५-अल्फा आणि पेट-२८ए एवढंच असेल तर अर्ज लहान असतो. तुमच्या कॉलेजात समिती आहे का हे विभागप्रमुखांना विचारा. नसेल तर समिती असलेल्या संस्थेत हे काम करता येईल का, हे त्यांनाच विचारायला लावा.